आणखी थोडं जवळ

३ ऑक्टोबर

ठो! आणि मागोमाग पोरांच्या पायांनी उडालेली मैदानभर धूळ. आज गाडीवाल्याने माझी ट्रंक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आदळली तेव्हा नेमका तोच आवाज झाला. क्षणभर मी शाळेच्या मैदानात, शर्यतीच्या चुन्याच्या रेघेपाशी जाऊन उभा राहिलो. गाडीवाला घाबरून म्हणाला, काका, काचसामान तर नाही ना? मी म्हटलं, बाबा रे, आत कविता आहेत, त्या फुटत नाहीत.

तर आलो एकदाचा. लेकीने वरची खोली दिली आहे. रस्त्याकडे खिडकी, खिडकीपाशी टेबल, टेबलावर तिने आधीच शाईची दौत आणून ठेवलेली. म्हातारा बाप अजून टाकाने लिहितो हे तिने ध्यानात ठेवलं. तिला सातवा महिना लागला आहे. चालताना एक हात पोटावर ठेवते, अगदी तिची आई ठेवायची तसा. रस्त्याच्या टोकाला नाट्यगृहाचं पत्र्याचं छप्पर दिसतं. जावई तिथला प्रमुख नट. दुपारी वारा पडला की त्याचा आवाज थेट खिडकीपर्यंत येतो, असं लेक कौतुकाने सांगत होती.

ट्रंक आम्ही दोघांनी मिळून उपसली. कवितांची पुस्तकं, हिच्या आईचा चष्मा, जाड घोंगडी, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं शर्यतीचं पिस्तूल. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शालीऐवजी हेच दिलं, कारण वर्षानुवर्षं शर्यतीचा बार मीच काढायचो. सोबत नुसत्या आवाजाच्या काडतुसांची एक डबी. जावयाने ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. लेक हसून म्हणाली, लोकांचे वडील येताना खाऊ आणतात, आमचे नाना पिस्तूल आणतात.

खूप दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

५ ऑक्टोबर

मला नोकरी लागली! या वयात!

नाट्यगृहाचा प्रॉम्प्टर, म्हणजे नटांना लपून वाक्यं सांगणारा, अर्ध्यातच सोडून गेला म्हणे, काही न सांगता. जावई मला तिथे घेऊन गेला. दिग्दर्शक हा एक गडगडाटी माणूस आहे, त्याला सगळे 'तोफ' म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्याने मला खोक्यात बसवलं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, जमिनीत खड्डा करून केलेली ही जागा. आत एक स्टूल, एक छोटा दिवा, आणि वर लाकडी टोपण, म्हणजे प्रेक्षकांना मी दिसणार नाही आणि मला फक्त नटांचे पाय, गुडघे आणि मान वर केली तर चेहरे दिसतील. काहीतरी म्हणा, पण कुजबुजत, असं तोफ ओरडला. मी पहिलीच्या पोरांसाठी रचलेल्या माझ्याच ओळी म्हटल्या:

ये वाऱ्या, ये जवळ जरा,
सांग पाखरांचा पत्ता खरा.

तोफ म्हणाला, मास्तर, शेवटच्या विंगेपर्यंत ऐकू गेलं आणि पहिल्या रांगेला कळलंसुद्धा नाही. तुम्ही जन्मलात तेच खोक्यात असणार.

मग त्याने इथला कायदा सांगितला. रंगमंचावर उभ्या माणसाने विचार करायचा नसतो. खोक्यातून येईल ते म्हणायचं, येईल ते करायचं. नट थांबला, विचारात पडला, की नाटक मेलं. सामान सांभाळणाऱ्या मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकदा म्हणे आधीच्या मास्तरांनी चुकून दोन पानं उलटली आणि 'बस' असं सांगितलं. खुर्ची आणलीच नव्हती. तरी राजेसाहेब बसले. थेट जमिनीवर. वर मांडीवर मांडी टाकून पुढचं वाक्यही म्हणाले!

खोक्यात खिळ्याला आधीच्या मास्तरांचा मफलर तसाच लटकतो आहे. राखाडी, लोकरीचा. न्यायला आले की देईन.

९ ऑक्टोबर

तालमी रंगू लागल्या. दुपारी जेवून निघतो, दिवेलागणीला परततो. नाटक जुनं आहे. एका न्यायाधीशाला कळतं की आपण निरपराध माणसाला फासावर दिलं. शेवटच्या अंकात तो एकटा उभा राहतो, पिस्तूल काढतो, कपाळाशी नेतो, बार होतो, पडदा. न्यायाधीश आमचा जावई. ते शेवटचं भाषण म्हणजे गद्य असलं तरी कान लावला तर भुजंगप्रयात ऐकू येतो. मी खोक्यात बसून मांडीवर गण मोजतो.

पिस्तुलाचा नेम ठरलेला आहे. एक हात लांब धरायचं, नळीचं तोंड डोक्याच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांपासून आडोशाला. प्रेक्षकाला फसवायचं, कपाळाला नाही, असं तोफ रोज बजावतो. काडतूस नुसत्या आवाजाचं. मावशी ते पिस्तूल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि डबा मांडीवर घेऊन बसतात, जणू आत झोपलेलं मांजर आहे.

आज पहिल्यांदा बार काढला. ठो! तोच आवाज, तोच जळका वास. डोळ्यांत पाणी आलं. नटांच्या पायांच्या जागी मला क्षणभर धावणाऱ्या पोरांचे पाय दिसले.

१४ ऑक्टोबर

आज जावयाने पिस्तूल एक हात नव्हे, वीतभरच लांब धरलं. बार झाला तेव्हा त्याच्या कानावरचे केस हलले. तोफ खूश. आत्ता खरं वाटलं, म्हणून टाळ्या पिटत होता.

घरी जेवताना मी विषय काढला. म्हटलं, जरा जपून. त्यावर जावई हसला. म्हणाला, नाना, गंमत करता का? तुम्हीच तर जवळ म्हणालात.

मी काही बोललो नव्हतो. त्या ठिकाणी संहितेत फक्त शांतता आहे.

लेक म्हणाली, नानांचं वय झालं, पुटपुटायची सवय लागली आहे. आम्ही तिघेही हसलो. पण वरच्या खोलीत येऊन मी संहिता पुन्हा पाहिली. तिथे काही नाही.

१६ ऑक्टोबर

आज खोक्यात गार वाटलं म्हणून मफलर काढून गळ्याशी धरला. एका टोकाला लोकर चघळल्यासारखी झाली आहे. दिव्याजवळ नेऊन पाहिलं. दातांचे ठसे. वरचे, खालचे, एकावर एक, कितीतरी वेळा चावलेले. कोणीतरी हे टोक तोंडात कोंबून बसत होतं.

मावशींना विचारलं, आधीचे मास्तर का गेले? त्यांनी डबा जरा घट्ट धरला. म्हणाल्या, त्यांना वाटायचं त्यांचं तोंड त्यांचं ऐकत नाही. मग आवाज उतरवून म्हणाल्या, हे नाटक याआधीही एकदा बसवलं होतं, तेव्हाच्या न्यायाधीशाला हृदयविकाराने रंगमंचावरच मरण आलं. तसं सगळीकडे सांगितलं जातं, इतकंच त्या म्हणाल्या. आणि मला चहा विचारला.

१८ ऑक्टोबर

शेजारी म्हातारे डॉक्टर राहतात. संध्याकाळी पायरीवर बसलेले असतात. जुन्या न्यायाधीशाला त्यांनीच तपासलं होतं. मी हृदयविकार असं म्हणताच त्यांनी सरकून मला पायरीवर जागा केली. मग म्हणाले, मास्तर, हृदय ठणठणीत होतं.

त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो. लिहिलं की डोक्यातून उतरेल.

लांबून बार केला तर नुसता वास येतो. वीतभर अंतरावरून केला तर कातडीवर मोहरी पेरल्यासारखे काळे ठिपके उठतात, ते पुसून जात नाहीत. पण नळी टेकवली की गोष्टच वेगळी. त्या माणसाच्या कपाळाच्या बाजूला एक गोल होता. लाखेवर मोहोर उठवावी तसा, नळीच्या तोंडाचा ठसा. गोलाच्या मध्ये कातडी चांदणीसारखी उकललेली, आतून बाहेर. आणि बाहेर काजळी जवळपास नव्हतीच. सगळी आत गेलेली. हाड आत दबलेलं. डॉक्टरांनी गोळी खूप शोधली. गोळी नव्हतीच, असणारही नव्हती. ती फक्त हवा होती, तापलेली, कोंडलेली, जायला दुसरी वाट नसलेली. टेकवून सोडली की हवासुद्धा गोळीच होते, असं डॉक्टर म्हणाले. आणि हे लोक असे की आवाजाचं काडतूस म्हणजे लुटुपुटीचं, अशी त्यांची समजूत. मरणारा तर हसत होता म्हणे, शेवटपर्यंत.

मी विचारलं, त्याने टेकवलं का? नेम तर एक हाताचा होता.

डॉक्टर म्हणाले, तेच मी तेव्हाच्या प्रॉम्प्टरला विचारलं. तो म्हणाला, मी सांगितलं नाही. पण बाकी सगळे म्हणाले की त्याने सांगितलं.

२१ ऑक्टोबर

सगळं जावयाला सांगितलं. लेकीसमोर. ती पांढरी पडली. त्याने तिचा हात पोटावरून उचलून आपल्या हातात घेतला आणि शपथ घेतली: एक हात म्हणजे एक हात, बोटभरही कमी नाही. तोफेलाही भेटलो. मी म्हटलं, काडतूसच काढा, आवाज विंगेतून करा. तो म्हणाला, विंगेतला बार विंगेतलाच वाटतो, मास्तर, लोक हसतील. पण तोही वरमला आणि रंगमंचावर खडूने खूण करून, हात कुठवर न्यायचा ते जावयाकडून चारदा करून घेतलं.

मग तालीम झाली.

चार बोटं. कपाळापासून चार बोटं. मी खालून पाहत होतो. शपथ घेतलेला माणूस, आणि त्याचा हात आपण होऊन वळत चाललेला, चेहरा मात्र शांत, वर्गात हुशार पोराचा असतो तसा. बार झाल्यावर त्याच्या कपाळावर बारीक काळे ठिपके. तो ते पुसत राहिला. ते जाईनात.

म्हणाला, नाना, तुम्ही इतक्या मायेने बोलावलंत. जवळ ये, आणखी थोडं जवळ, घाबरू नकोस.

हे वाक्य माझं आहे. फळ्याशी यायला भिणाऱ्या पोरांना मी हेच म्हणायचो, याच चालीत. इथे मी ते कुणालाही सांगितलेलं नाही.

मावशींनीही ऐकलं. तोफेनेही. सगळे म्हणतात, मास्तर, तुमचाच आवाज होता.

२३ ऑक्टोबर

लेक म्हणाली, दुपारी डोळा लागला तेव्हा तुम्ही बोलत होता. काय, ते सांगेना.

आरशासमोर बसलो. ओठ हलतात. आवाज नाही, पण हलतात. जवळ. जवळ.

एक कळलं. मी लिहीत असलो की ओठ मिटलेले राहतात. म्हणून लिहितो आहे. काहीही. शार्दूलविक्रीडिताचे गण लिहिले, हिच्या आईचं नाव लिहिलं, वर्गातल्या पोरांची नावं आठवतील तशी लिहिली.

२४ ऑक्टोबर

आज शेवटच्या प्रवेशाला मफलर तोंडात कोंबला. घशापर्यंत. श्वास नाकातून.

जावयाचा हात खुणेवर थांबला. एक हात. बार झाला. काही नाही झालं!

पण त्याआधी तो तीनदा अडखळला आणि मला सांगता आलं नाही. तोफ माझ्यावर बरसला. म्हणाला, मुका प्रॉम्प्टर मी काय लोणच्यात घालू? बरसू दे.

मफलर काढून पाहिला. माझे दात त्या जुन्या ठशांत नेमके बसतात. एकही नवीन ठसा उठलेला नाही.

२६ ऑक्टोबर

उद्या दुपारी पहिला प्रयोग. तिकिटं संपली. मी नाटक बंद करा म्हणालो तर माझीच समजूत काढतात, थोपटतात. जावई म्हणाला, एक प्रयोग होऊ द्या, नाना, बाळाच्या आधीचा शेवटचा. लेकीने मान खाली घातली होती, पण ती त्याच्याच बाजूने आहे. त्याचं नाव भिंतींवर लागलं आहे.

ठरवलं. उद्या खोकं रिकामं राहील. आणि डबाही. मी नाही, पिस्तूल नाही. मग कुणाला जवळ बोलावणार, आणि काय घेऊन?

२७ ऑक्टोबर, सकाळ

जमलं. मावशी पडद्याच्या दोऱ्या बघायला उठल्या आणि डबा बाकावर राहिला. पिस्तूल खोक्यातल्या मफलरमध्ये गुंडाळून कोटाच्या आत घालून आणलं. आयुष्यात पहिली चोरी. मनात म्हटलं, लेकीच्या कुंकवासाठी आहे.

आता अंगावर पांघरूण, कपाळावर ओली पट्टी. ताप आलाय असं सांगितलं. पिस्तूल उशीखाली.

खाली मावशींच्या रडण्याचा आवाज आला. डबा रिकामा निघाला असणार. लेक त्यांना समजावत होती. मग ती वर आली. मी डोळे मिटून पडलो. ट्रंक उघडली, घोंगडी काढली, माझ्या अंगावर नीट घातली, पायांखाली खोचली. काम करताना गुणगुणत होती. माझ्याच ओळी! ये वाऱ्या, ये जवळ जरा. लहानपणी मांडीवर घेऊन शिकवल्या होत्या. जावळ हलवत म्हणायची. डोळ्यांत पाणी आलं, ते मिटल्या पापण्यांतून येऊ दिलं.

जाताना म्हणाली, खोक्याची काळजी करू नका, नाना, सोय झाली आहे. तुम्ही तापात उठून याल म्हणून बाहेरून कडी घालते.

घाल बाई. घाल.

दुपार

ओठ शांत आहेत. कितीतरी दिवसांनी. आरशात पाहिलं, अगदी शांत. गेलं. माझ्यातून गेलं.

रस्ता ओस. सगळं गाव पत्र्याच्या छपराखाली. वारा पडला आहे. जावयाचा आवाज इथवर येतो. दुसरा अंक. छान म्हणतो आहे. बिनपिस्तुलाचा शेवट तोफ कसा करतो ते—

पिस्तूल ट्रंकेत लपवावं म्हणून उठलो. तळाशी, माझ्या जुन्यापाशी—

फडकं आहे. रिकामं. काडतुसांची डबीही—

घोंगडी काढायला आली होती ना ती. घोंगडीच काढायला—

आमच्याकडे आहे एक, असं सांगितलं असेल मावशींना. रडू नका मावशी, आमच्याकडे आहे एक.

दार हलत नाही. खिडकीतून ओरडलो. शेजारचे डॉक्टर नाहीत. तेही गेले. सगळे गेले.

सोय झाली म्हणाली. खोक्यात कोण बसलं आहे? कुणाला एवढं पाठ आहे? कुणाचा कुजबुजता आवाज माझ्यासारखा, मीच शिकवलेला, मांडीवर—

गुणगुणत होती.

ये जवळ जरा.

तिसरा अंक. भाषण सुरू झालं. मी गण मोजतो आहे. ओठ मिटलेले, लिहितो आहे, लिहितो आहे म्हणून काय उपयोग, माझे ओठ आता कोण—

तो थांबला. इथे शांतता आहे. संहितेत इथे शांतता आहे.

फार लांबते आहे.

ठो

माझं आहे ते. माझा आवाज ओळखतो मी. मैदान. धूळ.

टाळ्या. टाळ्याच आहेत ना? टाळ्या. मग नाही. मग काही झालेलं नाही. एक हात. एक हातच धरला असेल, शहाणा आहे तो—

टाळ्या बंद झाल्या. सगळ्या एकदम.

एक बाई ओरडते आहे. लेक नको. देवा, लेक नको. लेकच.

जिन्यावर पावलं. इतक्या लवकर? रस्ता तर रिकामा आहे. मी खिडकीतच आहे. रस्त्याने कुणी आलं नाही.

मफलर तोंडात घातला आहे. घट्ट.

कडी निघाली.

जावई आहे. न्यायाधीशाचा काळा कोट. दारात अर्धाच उभा, डावी बाजू माझ्याकडे. हसतो आहे. उजवी बाजू दाराआड. जळका वास.

म्हणतो, तिने सांगितलं तितकं जवळ नेलं, नाना. बरोबर झालं ना?

म्हणतो, आता पुढचं वाक्य आठवत नाही. सगळे थांबले आहेत. सांगा.

पुढे वाक्य नाही रे. पुढे पडदा आहे.

तो आत येतो आहे. चेहरा वळवतो आहे. गोल— लाखेवरच्या मोहोरेसारखा—

कान पुढे करतो, शहाण्या पोरासारखा. सांगा, नाना. जवळ येऊ? आणखी थोडं—

माझा हात थांबला की ओठ— लिहायला हवं— मफलर सुट